प्राइम सस्पेक्ट: ‘अरे हा तर तो!’ म्हणायला लावणारी जुनी ब्रिटिश पोलीस सिरीज, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राइम सस्पेक्ट म्हणजे नेमकं काय? एका दमात सांगा.

लंडनमधली एक बाई पोलीस अधिकारी, जेन टेनिसन, हाताखाली सगळे पुरुष, वरती पण सगळे पुरुष, आणि एक खुनाची केस जी तिला कोणी द्यायला तयार नसतं पण आधीचा साहेब हार्ट अटॅकने अचानक जातो आणि ती सरळ वरिष्ठांकडे जाऊन म्हणते की मला द्या. हे झालं पहिल्या सीझनचं. टेनिसनचं काम हेलन मिरेनने केलंय, लिहिलंय लिंडा ला प्लांटने, बनवलं ग्रॅनडा टेलिव्हिजनने आणि आयटीव्हीवर ७ आणि ८ एप्रिल १९९१ ला दोन रात्रीत दाखवलं. तिथून सुरू झालेलं प्रकरण २००६ पर्यंत चाललं.

खुनी कोण हे शेवटी कळतं का?

नाही, आणि इथेच नवीन लोक गोंधळतात. नावातच आहे ना, मुख्य संशयित. माणूस जवळपास सुरुवातीलाच समोर बसलेला असतो, जॉर्ज मार्लो नावाचा, सभ्य, मवाळ, बायकांशी गोड बोलणारा. प्रश्न एवढाच की हाच आहे का आणि असला तर कोर्टात उभं राहील असं काही मिळतंय का. शेवटच्या पाच मिनिटात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून गुपित फोडणारा प्रकार इथे नाही. इथे दारोदार फिरणं आहे, फायली आहेत, आणि मृतदेह ज्या मुलीचा समजला ती ती नव्हतीच, असला घोळ निस्तरणं आहे.

किती भाग आहेत? कुठल्या क्रमाने बघू?

सात सीझन, नऊ गोष्टी, एकूण पंधरा भाग, प्रत्येक साधारण पावणेदोन तासांचा. १९९१, १९९२ आणि १९९३ ला प्रत्येकी एक गोष्ट दोन भागात, १९९५ ला तीन सुट्या गोष्टी एकेका भागात, १९९६ ला परत दोन भाग (यात टेनिसन मँचेस्टरला बदलून जाते), मग मोठी गॅप, २००३ आणि २००६. क्रमानेच बघा हो. मधूनच तिसरा उचलला तर गोष्ट कळेल, पण ओट्ली नावाच्या माणसाकडे ती तशी का बघते ते कळणार नाही.

बरं, आता मुद्द्याचं बोला. यात कोण कोण ‘मोठे होण्याआधी’ दिसतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या सीझनला राल्फ फाइन्स. (उच्चार रेफ फाइन्स असा करतात, पण आपल्याकडे राल्फ म्हटल्याशिवाय कोणाला कळत नाही, तर चालू द्या.) खून झालेल्या मुलीचा बॉयफ्रेंड, नाव मायकल. त्याच सीझनमधे टेनिसनसोबत राहणारा पीटर म्हणजे टॉम विल्किन्सन, जो १९९७ च्या द फुल माँटीनंतर जगभर ओळखीचा झाला आणि २०२३ च्या डिसेंबरात गेला. मार्लोची बाई मोयरा, ती झोई वॉनामेकर. तिचं नाटकातलं नाव आधीपासून मोठं होतं, पण आपल्यातल्या बऱ्याच जणांना ती पहिल्या हॅरी पॉटरमधली झाडूवर उडायला शिकवणारी मॅडम हूच म्हणूनच माहीत.

दुसऱ्या सीझनला कॉलिन साल्मन, डिटेक्टिव्ह सार्जंट बॉब ओसवाल्ड. पडद्यावरचं त्याचं हे पहिलंच काम. पुढे पियर्स ब्रॉस्ननच्या तीन बाँडपटांत तो एमच्या (म्हणजे बाँडच्या साहेबाच्या) ऑफिसातला चार्ल्स रॉबिन्सन झाला.

तिसऱ्यात तर लाईनच लागलीय, त्याचा प्रश्न खाली वेगळा घेतलाय.

१९९५ च्या तीन गोष्टींपैकी इनर सर्कल्समधे केली रायली, तेव्हा सतरा वर्षांची, तिचंही पहिलंच काम. तिने स्वतःच पत्र लिहून काम मागितलेलं आणि काही महिन्यांनी ऑडिशनला बोलावणं आलं. आज यलोस्टोनमधली बेथ म्हणून जी बाई समोरच्याला नजरेनेच कापते तीच ही. आणि १९९६ ला मँचेस्टरमधला ड्रग्जवाला दादा, ज्याला सगळे द स्ट्रीट म्हणतात, तो स्टीव्हन मॅकिंटॉश. तो जगप्रसिद्ध वगैरे झाला असं नाही म्हणणार मी, पण ब्रिटिश सिरीज बघणाऱ्या माणसाला तो दर दुसऱ्या सिरीजमधे भेटतो.

राल्फ फाइन्स किती वेळ दिसतो? त्याच्यासाठी बघू का?

त्याच्या एकट्यासाठी बसलात तर चिडाल. काही मिनिटांचं काम आहे. पण बघा मात्र नीट. प्रेयसी गेलीय आणि समोर पोलीस प्रश्न विचारतायत, अशा माणसाने काय करायचं? आपल्याकडे असतं तर भिंतीवर हात आपटला असता, मागून सनई. हा तसलं काही करत नाही, आतल्या आत आवळून धरतो. दोन वर्षांनी शिंडलर्स लिस्टमधे आमोन गोथ हा नाझी अधिकारी करून ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेला तो हाच पोरगा. सिनेमात तो १९९२ ला आला, म्हणजे हे त्याच्याही आधीचं. नाटकवाला होता, लंडनच्या ‘राडा’ नाट्यशाळेत शिकलेला, रॉयल शेक्सपियर कंपनीत कामं केलेला. सगळी तयारी झालेली होती, फक्त कॅमेऱ्याने अजून बघितलं नव्हतं.

आमच्या आईने पॉज करायला लावलं आणि म्हणाली, ह्याला नाक आहे अगं! (हॅरी पॉटरमधला वोल्डेमॉर्ट हाच, आणि त्याचं नाक नसणं तिला फार लागलेलं आहे.)

तिसऱ्या सीझनमधे एवढे सगळे एकदम कसे काय?

डिसेंबर १९९३. टेनिसन लंडनमधल्या सोहोच्या व्हाइस स्क्वॉडला, म्हणजे वेश्याव्यवसायाच्या केसेस बघणाऱ्या पथकात, गेलीय, एका फ्लॅटला आग लागून एक कोवळा मुलगा जळून मेलाय, आणि तिथून रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या मुलांचा विषय उघडत जातो. आता माणसं मोजा.

ज्या फ्लॅटला आग लागते ती जागा व्हेरा रेनॉल्ड्सची, क्लबमधे गाणारी, बाई म्हणून जगणारी. ते काम पीटर कपाल्डीचं. हो, डॉक्टर हू वाला. द थिक ऑफ इटमधे शिव्यांचा पाऊस पाडणाराही तोच. तो तेव्हा अगदी नवा नव्हता, १९८३ च्या लोकल हीरोमधे पोरगेला कपाल्डी आहे, पण सगळे ओळखतील असं मोठं यश अजून लांब होतं. त्याची व्हेरा ही माझी या अख्ख्या सिरीजमधली सगळ्यात आवडती छोटी भूमिका. त्या काळी असलं पात्र टीव्हीवर बहुतेक हसायला नाहीतर घाबरायला ठेवायचे. कपाल्डी तिला थकलेली, घाबरलेली, पण स्वतःचा मान सांभाळून बसणारी बाई करतो. आजच्या नजरेने बघितलं तर हे काम ट्रान्स कलाकारालाच दिलं असतं असं कोणी म्हणेल आणि त्यात चूक काही नाही, पण १९९३ च्या मानाने ते फार माणुसकीने केलंय.

मुलांना धंद्याला लावणारा जिमी जॅक्सन म्हणजे डेव्हिड थ्यूलिस. हॅरी पॉटरमधले प्रेमळ लुपिन सर मनात असतील तर धक्का बसेल, इथे तो असा आहे की त्याच्या खोलीत शिरताना आपणच दार उघडं ठेवू. थ्यूलिसला त्याच वर्षी मे महिन्यात कान महोत्सवात नेकेडसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस मिळालेलं, म्हणजे जाणकारांना माहीत होता, घराघरात नव्हता.

मुलांसाठी सल्ला केंद्र चालवणारा गुळगुळीत पार्कर-जोन्स म्हणजे किअरन हाइंड्स (नाव आपल्या किरणच्या शेजारचंच आहे, घाबरू नका). पुढे रोममधला ज्युलियस सीझर, गेम ऑफ थ्रोन्समधला मॅन्स रेडर. व्हाइसमधला इन्स्पेक्टर लॅरी हॉल म्हणजे मार्क स्ट्राँग. जेम्स फ्रेन पण आहे, जो पुढे द ट्यूडर्समधे थॉमस क्रॉमवेल झाला. आणि मार्टिन फ्लेचर नावाचा जो रस्त्यावरचा पोरगा आहे तो डॅनी डायर, वय सोळा, आयुष्यातलं पहिलं काम. इंग्लंडात राहणाऱ्या मराठी मंडळींना त्याच्याबद्दल सांगायची गरजच नाही, ईस्टएंडर्समुळे तो तिकडे घरचाच.

राहिला जॉनी ली मिलर. त्याचं काम लहान आहे, लहानपणी अत्याचार झालेला अँथनी फील्ड, आता मोठा झालाय, आणि पोलिसांना त्याने ते सगळं बोलावं असं हवंय. तो एकटा बसून बोलतो. ट्रेनस्पॉटिंग हा सिनेमा यायला तेव्हा अजून दोन वर्षं होती. जाता जाता, त्याचे आजोबा बर्नार्ड ली म्हणजे जुन्या बाँडपटांतला एम, आणि वर सांगितलेला कॉलिन साल्मन दुसऱ्या एमच्या ऑफिसात. एवढं जुळून आलं की मला उगीचच आनंद होतो.

म्हणजे हॅरी पॉटरची शाळा इथेच भरायची का?

फाइन्स, वॉनामेकर, थ्यूलिस आणि हाइंड्स (शेवटच्या सिनेमात डम्बलडोरचा भाऊ). चौघं माझ्या मोजणीत. भरायची म्हणा.

हेलन मिरेन पण तेव्हा नवीनच होती का?

छे छे. १९९१ ला ती पंचेचाळीसची होती, शेक्सपियर कंपनीत नाव कमावलेलं, १९८० च्या द लाँग गुड फ्रायडेमधे बॉब हॉस्किन्सच्या तोडीस तोड उभी राहिलेली (आणि गंमत म्हणजे त्या सिनेमात एकही धड वाक्य नसलेला एक देखणा मारेकरी आहे, तो पियर्स ब्रॉस्नन). पण नाटक-सिनेमावाल्यांना माहीत असणं वेगळं आणि रविवारी रात्री टीव्हीसमोर बसलेल्या अख्ख्या देशाला माहीत असणं वेगळं. ते टेनिसनने केलं. लागोपाठ तीन वर्षं बाफ्टा, पुढे १९९६ आणि २००७ ला याच भूमिकेसाठी एमी.

आणि एक मजा बघा. पहिल्याच सीझनमधे टेनिसन आपल्या टीमला बजावते की मला गव्ह (म्हणजे साहेब) म्हणा नाहीतर बॉस म्हणा, मॅम नको, मी काय राणी नाही. पंधरा वर्षांनी हीच बाई द क्वीनमधे राणी एलिझाबेथ झाली आणि ऑस्कर घेऊन आली. २००६ ला टेनिसनचा शेवटचा सीझन आणि तो सिनेमा, दोन्ही महिन्याभराच्या अंतराने लोकांसमोर आले.

एवढे सगळे एकाच सिरीजमधे, हा नुसता योगायोग?

थोडा योगायोग असतोच. जुनी कुठलीही लांब चाललेली ब्रिटिश सिरीज उघडा, कोणीतरी सापडतंच, कारण तिथे नाटकवाली माणसं टीव्हीवर एकेक-दोनदोन भागांची कामं करत करतच वर येतात. आपल्याकडे एकांकिका स्पर्धेत गाजलेलं पोरगं सिरीयलमधे हवालदार होऊन येतं ना, तसंच. पण हवालदार होऊन आलेल्या पोराला आपण देतो काय? ‘साहेब, गाडी तयार आहे.’ झालं, ये उद्या.

माझं म्हणणं, फरक तिथे आहे. प्राइम सस्पेक्टमधे छोट्या माणसालाही करायला काहीतरी असतं. टॉम विल्किन्सनचा पीटर घ्या. त्याच्या धंद्यातली माणसं जेवायला यायची असतात, स्वयंपाक टेनिसन करणार असं ठरलेलं असतं, आणि ती केसमधे अडकून उशिरा घरी येते. कागदावर ही ‘कुरकुरणारा पार्टनर’ अशी एका ओळीची भूमिका. विल्किन्सन काय करतो बघा. तो ओरडत नाही, पाहुण्यांसमोर हसत राहतो, ग्लास भरत राहतो, आणि त्याच्या त्या हसण्यातून आपल्याला कळतं की हे घर काही टिकत नाही. तो वाईट माणूस नाही हेच तर त्रासाचं. असं लिहिलेलं असलं की करायला चांगला नट लागतो, आणि चांगला नट घेतला की तो पुढेमागे कुठेतरी पोचतोच. चेहरे प्रसिद्ध झाले म्हणून सिरीज भारी असं उलटं नाही हो. भूमिका भरीव होत्या म्हणून असे नट घ्यावे लागले.

ग्रॅनडाला या कामाची सवयही होती, द ज्युएल इन द क्राउन ही भारतात घडणारी १९८४ ची सिरीज त्यांचीच.

कॅमेऱ्यामागे पण कोणी आहे का असं?

आहे की, आणि हे कोणी मोजतच नाही! १९९५ मधली द लॉस्ट चाइल्ड ही गोष्ट जॉन मॅडनने दिग्दर्शित केली, तीन वर्षांनी त्याचा शेक्सपियर इन लव्ह आला. राजस्थानात शूट झालेलं म्हाताऱ्यांच्या हॉटेलचं ते मॅरिगोल्डवालं प्रकरण, तेही त्याचंच. २००३ चा सीझन टॉम हूपरचा, मग द किंग्ज स्पीच आणि ऑस्कर. दुसऱ्या सीझनची पटकथा लिहिणाऱ्या अॅलन क्युबिटने पुढे द फॉल निर्माण केली. आणि १९९६ चा सीझन दिग्दर्शित करणारा फिल डेव्हिस मुळात नट, शेरलॉकच्या पहिल्या भागातला टॅक्सीवाला आठवतो? तो.

लिंडा ला प्लांट कोण? सगळं तिनेच लिहिलंय?

सगळं नाही. ती आधी नटी होती, लिंडा मार्चल नावाने, मग १९८३ च्या विडोजने लेखिका म्हणून नाव झालं. पहिला आणि तिसरा सीझन तिचा, दुसऱ्याची मूळ गोष्ट तिची, त्यानंतर ती बाहेर पडली आणि वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं. फरक जाणवतो का? मला चौथ्यात जाणवतो, तीन गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत. शेवटी टेनिसनला दारूच्या आहारी गेलेली दाखवलंय ते ला प्लांटला अजिबात पटलं नाही, आणि तिने ते उघड बोलूनही दाखवलं. मला स्वतःला तो शेवट पटतो. दारूचा ग्लास पहिल्या सीझनपासून तिच्या हाताशी असतोच की.

टेनिसन खरी कोणावर बेतलेली आहे का?

जॅकी मॅल्टन नावाच्या मेट्रोपोलिटन पोलिसातल्या खऱ्या डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टरने ला प्लांटला मदत केली. त्या हुद्द्यावर पोचलेल्या बायका तेव्हा लंडनच्या पोलिसात हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. ऑफिसात कोण कुठे बसतं, बाई आत आली की बोलणं कसं थांबतं, प्रेताजवळ उभं राहून लोक कसले विनोद करतात, हे नुसत्या कल्पनेने सुचत नाही. टेनिसनचं खाजगी आयुष्य मात्र लेखिकेचं.

गव्ह, मॅम, स्किपर... ही काय भानगड आहे? कोण कोणाचा साहेब?

खालून वर: डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल, सार्जंट, इन्स्पेक्टर, चीफ इन्स्पेक्टर (टेनिसन इथून सुरू करते), सुपरिंटेंडंट, चीफ सुपरिंटेंडंट. गव्ह म्हणजे आपलं ‘साहेब’, गव्हर्नरचं छोटं रूप. स्किपर म्हणजे सार्जंट. मॅम हे आपल्या ‘मॅडम’ सारखं, आदराचं दिसतं पण त्यात एक हात लांब ठेवणं असतं, म्हणून टेनिसनला ते नको असतं. आपल्या पोलीस स्टेशनात पुरुष तो साहेब आणि बाई ती मॅडम, तिला ‘साहेब’ म्हणायला लावणारी एखादी असेल तर टेनिसनला ती लगेच कळेल.

ओट्ली एवढा का त्रास देतो तिला?

बिल ओट्ली, सार्जंट, मेलेल्या साहेबाचा जिगरी. त्याला वाटतं आमचा माणूस जाऊन एक दिवस नाही झाला आणि ही खुर्चीत येऊन बसली. शिवाय त्या साहेबाचं काहीतरी झाकायचंही असतं त्याला, जास्त सांगत नाही. टॉम बेलने हा माणूस असा केलाय की चीड येते पण कार्टून वाटत नाही. बारीक चेहरा, कोपऱ्यात उभा, हसणंही तिरकं. तो पहिल्या सीझनला आहे, तिसऱ्याला आहे, आणि मग एकदम २००६ ला परत भेटतो. कुठे भेटतो ते सांगू का? नको. फक्त एवढं, की त्या भेटीत तो टेनिसनची माफी मागतो आणि ते बघताना आपल्याला पंधरा वर्षांचा हिशोब लागतो. तो सीझन टीव्हीवर यायच्या काही दिवस आधी, ऑक्टोबर २००६ मधे टॉम बेल गेला. स्क्रीनवर त्याची तब्येत खालावलेली दिसते, तो मेकअप नाही.

पहिल्या सीझनला संशयिताला सोडून का देतात? हातात होता ना?

हे न कळल्यामुळे बरेच जण इथे सिरीजलाच नावं ठेवतात. इंग्लंडमधे १९८४ चा पोलीस आणि पुराव्यासंबंधीचा कायदा आहे, त्याला सगळे पेस म्हणतात. त्यानुसार आरोप न ठेवता माणसाला चोवीस तास ठेवता येतं, गंभीर गुन्हा असेल तर सुपरिंटेंडंट छत्तीसपर्यंत वाढवू शकतो, त्यापुढे मॅजिस्ट्रेटसमोर जावं लागतं आणि तिथेही जास्तीत जास्त शहाण्णव तास. म्हणजे घड्याळ खरंच चालू असतं. टेनिसन सारखं मनगटाकडे बघते ते दिग्दर्शकाने टेन्शन यावं म्हणून घुसवलेलं नाही.

कॅसेटचंही तसंच. चौकशीच्या खोलीत तो मोठा काळा डबल टेपरेकॉर्डर दिसतो ना, त्यात दोन कॅसेट एकदम चालतात. संशयितासमोर नव्या कॅसेट फोडायच्या, कोणकोण हजर आहे ते बोलून घ्यायचं, संपल्यावर एक सील करून सही घ्यायची, ती कोर्टासाठी, दुसरी कामाला. पोलिसांनी कबुलीजबाब मनाने लिहून काढल्याच्या भानगडी आधी झालेल्या, म्हणून हे आलं. नाटकासाठी हे वरदानच ठरलं, कारण दोन माणसं, एक टेबल, एक टेप, आणि शब्द मागे घेता येत नाही. मिरेन आणि मार्लो झालेला जॉन बो यांचे ते सीन बघताना मी जेवणाचं ताट तसंच धरून बसले होते, वरणभात गार.

गप्प राहण्याचा मुद्दा पण लक्षात ठेवा. सुरुवातीच्या सीझनला संशयिताला नुसतं सांगतात की काही बोलायची सक्ती नाही, बोललास तर पुरावा म्हणून वापरू. १९९५ पासून तिकडे ही सूचना बदलली, आता गप्प बसलास आणि नंतर कोर्टात तीच गोष्ट काढलीस तर ते तुझ्या विरुद्ध जाऊ शकतं, असंही सांगतात. नंतरच्या ब्रिटिश सिरीज बघून आलेल्यांना सुरुवातीच्या सीझनमधलं वाक्य अर्धवट वाटतं ते यामुळे.

मार्लो चौथ्या सीझनमधे वेगळाच कसा दिसतो?

कारण नट बदललाय. पहिल्यात जॉन बो, १९९५ च्या द सेंट ऑफ डार्कनेसमधे टिम वुडवर्ड. तुमचे डोळे ठीक आहेत. गोष्ट छान आहे, तसेच खून परत व्हायला लागतात आणि टेनिसनने मग आधी चुकीचा माणूस आत टाकला की काय असं सगळ्यांच्या तोंडावर येतं. पण चेहरा बदलल्यामुळे निम्मी मजा जाते, जॉन बोचं ते मऊ हसू परत बघायचं होतं.

मार्क स्ट्राँग दोनदा आहे का?

हो, आणि हे मला फार आवडतं. १९९३ ला इन्स्पेक्टर लॅरी हॉल, २००३ ला तोच लॅरी हॉल डिटेक्टिव्ह चीफ सुपरिंटेंडंट, म्हणजे आता टेनिसनचा साहेब! दहा वर्षांत तो तीन पायऱ्या चढला आणि टेनिसन किती चढली, तर एक हुद्दा. कोणी भाषण देत नाही यावर. माणूस परत आणला आणि बढती दाखवली, संपलं.

जड आहे का? मुलांसोबत बघता येईल?

जड आहे. मुलांसोबत नको. प्रेतं दाखवतात ती साफसुथरी नसतात, दुसऱ्या सीझनला अंगणात सापडलेल्या सांगाड्याच्या कवटीवर माती चढवून चेहरा घडवतात ते बघवतं (उलट तो भाग मला सुंदर वाटला, बोटांखाली हळूहळू एक मुलगी परत येते), पण तिसऱ्याचा विषयच लहान मुलांवरच्या अत्याचाराचा आहे. शिवाय वंशवाद, शिव्या, सगळं त्या काळचं जसंच्या तसं.

स्लो वाटते, काय करू?

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

सबटायटल लागतात का?

लागतात, लाज नको. लंडनचं बोलणं, मधूनच मँचेस्टरचं, त्यात सगळे एकदम बोलतात आणि सिगारेट तोंडात. मी एकदा भाड्याने आणलेल्या डीव्हीडीत सबटायटल चार सेकंद मागे होती, अख्खा दुसरा भाग मी विनोद झाल्यावर हसत बसले.

अमेरिकन रिमेक आणि प्रीक्वल बघू का?

अमेरिकन २०११ चा, मारिया बेलो, तेरा भागांत गुंडाळला. वाईट नाही, पण हॅट का घातलीय ते शेवटपर्यंत कळलं नाही मला. प्रीक्वल २०१७ चा, तरुण टेनिसन १९७३ सालात, स्टेफनी मार्टिनी, सहा भाग. कपडे आणि वॉलपेपर बघायला छान. मूळ संपल्यावर हुरहुर लागली तर बघा, आधी नको.

घरच्यांसोबत बघताना सारखं पॉज करून ‘हा कोण सांग’ करावं का?

मी केलं, आणि पहिल्या भागात पाचव्यांदा पॉज केल्यावर आईने रिमोट काढून घेतला. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. प्रत्येकाने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर गुपचूप नाव लिहायचं, भाग संपल्यावर उघडायचं, चुकलं की पुढच्या वेळी चहा त्याने करायचा. तिसऱ्या सीझनला मी सात नावं लिहिली, भावाने चार. आईने एकच लिहिलं होतं, ‘व्हेरा’. आम्ही म्हटलं अगं नटाचं नाव लिहायचंय. ती म्हणाली, नट कुठे होता? मला तर कोणी दिसला नाही. मग आम्ही परत मागे जाऊन पहिला सीन लावला, आणि चहा मी केला.